माळ पडीक नसतो

पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या माणसाला वाटेतला माळ बहुधा ओसाडच वाटतो. जंगल बघायचं तर ताडोबा, नाहीतर भीमाशंकर, अशी आपली समजूत. पण सासवड, सुपे, बारामती, इंदापूर हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथं वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मुरमावर मातीचा थर कितीतरी ठिकाणी वीतभरही नाही. अशा जमिनीवर निसर्गानं गवताचं रान उभं केलं आहे. ते कळायचं तर एकाच माळावर तिन्ही ऋतूंत जावं.

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की काही तासांतच मखमली लाल किडे मातीतून वर येतात. खेड्यातली पोरं त्यांना मृगाचे किडे म्हणून ओळखतात. त्याच पावसानं वाळवीही बाहेर पडते आणि किड्यांची चंगळ होते. त्याच सुमारास आफ्रिकेतून आलेला चातक बोरी-बाभळींवरून ओरडू लागतो. मादी अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यात. पिल्लांना भरवण्याचं काम सातभाईंचं.

भाद्रपद सरेपर्यंत पवना, मारवेल, कुसळी अशी गवतं गुडघ्याला लागतात. कुसळ एकदा तळहातावर घेऊन बघाच. खाली अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले ताठ केस आणि वर पिळाची लांब काळपट शेपटी. पाण्याचा थेंब लागला की पीळ उलगडतो, वाळला की पुन्हा आवळतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन मिळून ते बी फिरवत राहतात आणि ते आपणच मातीत शिरतं. मागे वळलेल्या केसांमुळे पुन्हा वरही येत नाही. पायजम्यात शिरून आपल्याला टोचतं ते याच करामतीनं.

दिवाळीला हाच माळ सोनेरी होतो. गवतात नाकतोडे उदंड असतात आणि त्यांच्यासाठी मध्य आशियातून भोवत्या, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी, येऊन पोचलेले असतात. दिवसभर गवतावरून अगदी खालून घिरट्या घालतात. तिन्हीसांजेला एकेक करत गवतात उतरतात आणि जमिनीवरच एकत्र रात्र काढतात. गवत पेटवलं की त्यांचा निवारा जातो. याच दिवसांत धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लांडग्यांची पिल्लं जन्मतात ती थंडीत, ओढ्याच्या दरडीतल्या बिळात.

माझ्या मते माळाचा खरा कस लागतो तो उन्हाळ्यात. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये बहुधा चार अंडी घालते. दोन हातांवर असली तरी दिसत नाहीत. ऊन चढलं की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. पखुर्डीचा नर तर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिल्लांना नेऊन पाजतो. दगडावर बसलेला सरड्याचा नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून माद्यांना बोलावत असतो. या सरड्यांच्या एका वंशाला (जीनसला) 2016 साली शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच नाव दिलं.

आणि हे सगळं सरकारी नकाशात कितीदा ‘पडीक जमीन’ म्हणून नोंदलं जातं! मग तिथं खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावतात, किंवा प्लॉट पाडतात. मला हे फार चुकीचं वाटतं. माळावर दाट झाडं आली की मोकळ्यावर घरटी करणारे चंडोल, धाविक, टिटव्या हटतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, तरीही तिथं आज तो दिसणं अत्यंत दुर्मीळ झालं आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, पण तिथं चिंकारा टिकून आहे. म्हणजे गवत राखलं तर थोडी जागाही कामाची ठरते.

5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह. तेव्हा घराजवळचा एखादा माळ ठरवा, आणि पुढं वर्षभर महिन्यातून एकदा तिथं जाऊन काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा. गाडी रस्ता सोडून गवतात घालू नका, उन्हाळ्यात टिटवी ओरडू लागली की मागे फिरा. आणि गावात वृक्षारोपणाची बैठक झाली, तर माळ सोडून दुसरी जागा सुचवा.