टाके निघाले, आता कसोटी घरच्यांची

खांद्याची शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते. हात पूर्वीसारखा वर जायला मात्र सहा महिने, कधी कधी वर्षही लागतं. दरम्यानच्या काळात काय सांभाळायचं?

भिलाईतल्या कुरुदमध्ये (धमतरी जिल्ह्यातलं कुरुद वेगळं) राहणारं एखादं मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. साठीच्या आजी अंगणात घसरल्या, पडताना हात टेकला आणि खांद्यातला स्नायू फाटला. शस्त्रक्रिया सेक्टर ९ च्या रुग्णालयात झाली असेल, रायपूरला किंवा नागपूरला. टाके निघाले. भेटायला येणारे ‘आता बऱ्या दिसता हो’ म्हणू लागले. चौथ्या आठवड्यात ठणकाही कमी झाला. एक दिवस सूनबाई बाजारात गेलेली पाहून आजींनी गळ्यातली पट्टी काढून ठेवली आणि फळीवरचा डाळीचा डबा उतरवायला हात वर केला.

घात होतो तो इथे.

मांडीच्या हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याची उखळी म्हणजे जवळजवळ बशीच. म्हणून तर आपण वेणी घालू शकतो, पाठ खाजवू शकतो, चेंडू फेकू शकतो. त्या उथळ बशीत हाडाचा गोळा धरून ठेवायचं काम चार स्नायू करतात. डॉक्टर त्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात. फाटलेला भाग सर्जन धाग्याने हाडाला पुन्हा बांधतात. पण धागा नुसता धरून ठेवतो. हाडाशी पक्कं जुळण्याचं काम शरीरालाच करावं लागतं आणि त्याला साधारण तीन महिने लागतात. दुखणं त्याच्या कितीतरी आधी कमी होतं. दुखत नाही म्हणजे जुळलं, ही समजूत म्हणूनच महागात पडते. शिवण उसवली तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि ती पहिल्याइतकी साधेलच असं नाही.

सचिनही थांबला होता

मार्च २००६ मध्ये सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याच महिन्यात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. कोणालाही वाटलं असतं, लवकर मैदानात उतरावं आणि बॅटनेच उत्तर द्यावं. पण मे महिन्यात सचिनने वेस्ट इंडीजमधल्या कसोटी मालिकेला आपण मुकणार असल्याचं जाहीर केलं. सरावासाठी तो इंग्लंडमध्ये लॅशिंग्ज संघाकडून खेळला. १४ सप्टेंबर २००६ रोजी क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्धच त्याने नाबाद १४१ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतलं ते त्याचं ४० वं शतक. तेहतीस वर्षांचा, कसलेला खेळाडू, दिमतीला उत्तम फिजिओ, तरी एवढा काळ गेला. मग साठीच्या आजींनी चौथ्याच आठवड्यात डबे का उतरवावेत?

याच्या उलट प्रकारही घडतो. काही जण इतके धास्तावतात की, हात छातीशी धरून बसतात आणि खांदा आखडतो. मधुमेह असेल तर ही भीती अधिक.

मधला रस्ता दाखवतो तो फिजिओथेरपिस्ट. आपल्याकडे ही विद्या रुजली ती पोलिओग्रस्तांच्या गरजेतून. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिचं शिक्षण सुरू झालं. आज भिलाईसारख्या शहरात पदवीधर फिजिओथेरपिस्ट सहज भेटतो. तरी मालिशवाल्याला बोलावण्याचा मोह आवरत नाही! ताज्या शस्त्रक्रियेच्या खांद्याला ओढाताण आणि तेलाची रगड अजिबात नको.

पहिले दिवस निराशेचे वाटतात. बोटं, मनगट, कोपर एवढंच हलवायला सांगतात. मग लंबकाचा व्यायाम येतो. चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचं, दुसरा हात सैल लोंबू द्यायचा आणि अंग हलकेच डोलवायचं. हात हलवायचा नाही, तो हलला पाहिजे. अमेरिकन सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. ‘फ्रोझन शोल्डर’ हा शब्दही त्यांनीच १९३४ साली रूढ केला. पुढे उताणं झोपून, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. स्वतःच्या ताकदीने हात उचलणं बहुधा सहा आठवड्यांनंतर आणि रबरी पट्टा किंवा वजन साधारण तीन महिन्यांनंतर. नेमका दिवस मात्र आपल्या सर्जननेच सांगायचा, कारण प्रत्येकाची जखम सारखी नसते. ‘बस, थोडा और’ म्हणत फिजिओथेरपिस्ट हात वर नेतो तेव्हा ताण जाणवणारच. पण रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी तसं सांगायला हवं.

रात्र हीच मोठी अडचण. सपाट झोपलं की खांदा ओढल्यासारखा होतो. पाठीशी दोन-तीन उशा आणि कोपराखाली एक, अशी अर्धवट बसती झोप बऱ्याच जणांना सोसते. काही जण आरामखुर्चीतच रात्र काढतात. कपडे पुढून बटणाचे असावेत. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. ताप आला, जखमेतून पू आला, बोटं बधिर झाली किंवा पोटरी सुजली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावं.

कामाच्या वाटणीचं सांगायचं तर, पुरुषाचा हात गळ्यात असला की घरचे पाण्याचा पेलाही हातात देतात. बाईचा असला तर ‘डाव्या हाताने तेवढं फोडणीचं बघा’ ऐकू येतं. फोडणी डाव्या हाताने होईलही, पण कणीक मळायला, पोळ्या लाटायला, कपडे पिळायला दोन्ही खांदे लागतात. ही कामं निदान तीन महिने दुसऱ्या कोणी तरी करायला हवीत. मुलगा, नातू, आजोबा, कोणीही चालेल.

आणि डाळीचा डबा? शस्त्रक्रियेला निघण्यापूर्वीच तो खालच्या फळीवर आणून ठेवावा. चहा, साखर, मीठ, आंघोळीचा तांब्या, रोजची औषधं, सगळं कमरेच्या उंचीला.