कलिंगविजयाचे वर्ष आणि तत्कालीन जग

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखाचे वाचन आपण बहुधा भारतापुरतेच करतो. परंतु ज्या वर्षी कलिंगावर स्वारी झाली, त्या वर्षी उर्वरित जगात काय घडत होते, हे पाहिल्यावाचून त्या लेखाचे वेगळेपण पूर्णतः ध्यानात येत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे वर्ष ठरले कसे, ते पाहू. अशोकाने आपल्या लेखांत कोणताही शक वापरलेला नाही. राज्याभिषेकापासूनची वर्षे तेवढी मोजली आहेत. अभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकला, असे तो सांगतो. मात्र त्याच लेखात अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग आणि अलिकसुंदर या पाच ग्रीक राजांची नावे आली आहेत. यांतील अंतियोक म्हणजे सीरियाचा दुसरा अँटिओकस, तो इ.स.पू. 261 मध्ये गादीवर आला. मग हा सायरीनीचा राजा इ.स.पू. 250 च्या सुमारास वारला. लेख या मधल्या काळातला ठरतो आणि त्यावरून मागे मोजता कलिंगयुद्ध इ.स.पू. 261 च्या आसपास येते. एखाद-दुसऱ्या वर्षाचा मतभेद अभ्यासकांत आहे.

त्या वर्षीचे जग युद्धांनी पोळलेले होते. सिसिली बेटावर रोम व कार्थेज यांचे पहिले प्युनिक युद्ध चालू होते. दीर्घ वेढ्यानंतर इ.स.पू. 261 मध्ये रोमनांनी अॅग्रिजेंटम नगर घेतले, ते लुटले आणि तेथील लोकांना गुलाम म्हणून विकले. या विजयाने उत्साहित होऊन रोमने मोठे आरमार उभारण्यास घेतले. ग्रीसमध्ये याच सुमारास अथेन्सने मॅसिडोनियाच्या अँटिगोनसपुढे शरणागती पत्करली होती. अशोकाचा अंतिकिनि तो हाच. चीनमध्ये छिन व चाओ या राज्यांचा संघर्ष पेटला होता. पुढच्याच वर्षी, इ.स.पू. 260 मध्ये, छांगफिंग येथे शरण आलेल्या लक्षावधी सैनिकांची छिनच्या सेनापतीने कत्तल केली, असे चिनी इतिहासकार स्स-मा छियेन नोंदवितो.

कलिंगात दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट अधिक मेली. म्हणजे हिंसेच्या बाबतीत मगध त्या जगाहून निराळा नव्हता. निराळेपण आहे ते पुढे. हे आकडे पराभूतांनी किंवा परक्या इतिहासकाराने दिलेले नाहीत. विजेत्याने स्वतः शिळेवर कोरविले आहेत आणि तेही अभिमानाने नव्हे, तर अनुतापाने. श्रमण, ब्राह्मण, गृहस्थ, त्यांचे आप्त व स्नेही यांच्या दुःखाचा तो उल्लेख करतो आणि धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय ठरवितो.

तथापि श्रद्धेपोटी सत्याकडे पाठ फिरविणे हे धम्माला धरून होणार नाही. बंदी करून नेलेल्या दीड लाखांना परत पाठविल्याचा उल्लेख त्या लेखात नाही. आटविकांना म्हणजे वनवासी जनांना, पश्चात्ताप झाला असला तरी राजाचे सामर्थ्य कायम आहे, अशी ताकीदही त्यात आहे. आणि प्रत्यक्ष कलिंगात, धौली व जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. त्याऐवजी अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याचे आदेश देणारे स्वतंत्र लेख आहेत. ज्यांनी सोसले, त्यांच्यासमोर ही कबुली आली नाही, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

तरीही या लेखाचे मोल कमी होत नाही. सत्ताधाऱ्याने आपल्या अपराधाचा हिशेब आपल्याच हाताने मांडावा, ही गोष्ट आजही दुर्मीळ आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीस, नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व लक्षावधी अनुयायांना दिली. त्या विजयात कोणी बंदी झाला नाही, कोणी मारला गेला नाही. इ.स.पू. 261 मधील विजय आणि हा विजय शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे धम्मविजय या शब्दाचा अर्थ उपासकांस आपोआप उमगेल.