जेडच्या बांगडीचे 'पाणी' कसे पारखावे?

मोत्याला पाणी असते, हिऱ्याला पाणी असते, हे झवेरी बाजारात चहा पोहोचविणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. जेडचा धंदा करणारे चिनी व्यापारी आपल्या दगडाविषयी बोलताना नेमका हाच शब्द वापरतात. दगडातून प्रकाश किती आत जातो, याला ते 'पाणी' म्हणतात. त्यांची भाषा न येणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याला त्यांचा हिशेब चटकन समजतो तो यामुळेच. परंतु शब्द समजणे वेगळे आणि माल समजणे वेगळे.

आमच्या परिचयाच्या एका बांगड्यांच्या व्यापाऱ्याने काही वर्षांपूर्वी हाँगकाँगहून सहा हिरव्या बांगड्या आणल्या. काचेसारख्या स्वच्छ, रंग भरपूर, भाव मात्र अपेक्षेपेक्षा कमी. तीन बांगड्या लगेच खपल्या. उरलेल्या तीन दुकानाच्या काचेआड दिव्याखाली दोन वर्षे राहिल्या आणि त्यांच्यावर पिवळट झाक चढू लागली. चमकही बसली. तपासणीत निघाले की दगड जेडाइटच होता, पण तेजाबात धुऊन त्यात राळ भरलेली होती. हा फटका आपल्या वाचकांपैकी कोणाला बसू नये, म्हणून हा लेख.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपण ज्याला यशब म्हणतो, ज्याचे मोगलांच्या काळात प्याले आणि खंजिरांच्या मुठी झाल्या, तो दगड नेफ्राइट होय. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात असलेला शाहजहानचा १६५७ सालचा पांढरा प्याला याच दगडाचा आहे. ब्रह्मदेशातून येणारे महागडे जेड म्हणजे जेडाइट. हे दोन दगड वेगळे आहेत, हे दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये दाखवून दिले. तिसरा, आपल्या बाजारात 'इंडियन जेड' म्हणून फिरणारा चकाकी असलेला हिरवा दगड हा तर गारेच्या जातीचा अ‍ॅव्हेंच्युरीन. तो वाईट नाही, त्याचा स्वतःचा भाव आहे. पण जेड म्हणून विकला की ती फसवणूक झाली.

आता पोताकडे वळू. जेडाइट हा एकसंध खडा नव्हे. बारीक बारीक दाणे एकमेकांत घट्ट गुंतून तो बनलेला असतो. दाणा जितका बारीक आणि गुंतण जितकी घट्ट, तितका प्रकाश कमी अडतो आणि तितका दगड चिवट होतो. पोत आणि पाणी ही दोन वेगळी गणिते नाहीत, ती एकमेकांना धरून चालतात. चिनी लोकांनी पोताला स्वयंपाकघरातली आणि घरातली नावे दिली आहेत: सर्वात वरचा काचेसारखा, मग बर्फासारखा, मग चिकट तांदळासारखा आणि खाली शेंगदाण्या-घेवड्यासारखा दाणेदार. आपल्याकडच्या उदाहरणाने सांगायचे तर थंडीत खोबरेल तेल अर्धवट गोठते तेव्हा बाटलीत जे धुकट, तरीही उजेड आत घेणारे रूप दिसते, ते बर्फाच्या जातीजवळ जाते. शिजवलेल्या साबुदाण्यात प्रत्येक दाणा वेगळा ओळखू येतो, ती खालची जात.

हे पाहण्यासाठी दहापटीचे भिंग पुरते. बांगडी हळूहळू फिरवावी. ठिकठिकाणी माशीच्या पंखासारखी लहान चमक उठून विझत असेल, तर तो जेडाइटचा दाणा प्रकाश परतवत आहे. ती चमक मोठमोठ्या ठिपक्यांची असेल तर पोत जाड. भिंगातूनही दाण्यांच्या हद्दी कष्टानेच दिसत असतील तर माल बारीक. बाजारात 'जुनी खाण' आणि 'नवी खाण' असे शब्द ऐकू येतील. त्यांचा अर्थ वयाशी नाही, बारीक पोताच्या मालाला 'जुन्या खाणीचा' म्हणण्याची रीत आहे. दलाल मात्र हा शब्द कोणत्याही बांगडीला लावायला कचरत नाही.

पाणी पाहताना सर्वात मोठा वैरी म्हणजे विक्रेत्याची बॅटरी. दगडाला चिकटवून जोरदार दिवा लावला की दाणेदार मालही कंदिलासारखा उजळतो. बॅटरी भेगा शोधण्यासाठी आहे, पाण्यासाठी नाही. पाणी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, थेट ऊन टाळून पाहावे. बांगडी एकदा पांढऱ्या कागदावर ठेवावी, एकदा काळ्या कापडावर. पांढऱ्यावर सुरेख आणि काळ्यावर मलूल दिसणारी बांगडी आपले अर्धे पाणी कागदाकडून उसने घेत होती, असे समजावे. मग मागे बोट धरावे, बोटाची सावली कितपत स्पष्ट दिसते ते पाहावे. चिनी पारखी उजेड साधारण तीन मिलिमीटर आत गेला तर एक माप पाणी आणि सहा मिलिमीटर गेला तर दोन मापे असा अंदाज बांधतात. जाडीचा विचार मात्र केलाच पाहिजे. बारीक कातलेली बांगडी पाणीदार दिसणारच. दोन नगांची तुलना करायची तर जाडी सारखी हवी, नाहीतर तुलना खोटी. गडद हिरवा रंगही फसवतो, तो उजेड गिळतो. फिकट रंगाच्या बांगडीत जे पाणी दिसते तेच गडद बांगडीत कमी वाटते, आणि कसलेला विक्रेता याचाच फायदा घेऊन बारीक माल भुसभुशीत मालाच्या भावात मागणारे गिऱ्हाईक परत धाडतो.

यानंतर ऐब. बांगडी हा सबंध दगडातून कापलेला गोल असल्याने तिच्या आरपार गेलेली आडवी भेग सर्वात घातक. घेराबरोबर धावणारी जुनी, भरून आलेली रेघ त्यामानाने सोसवते. नखाने रेघेवरून अलगद फिरवून पाहावे. नख अडकले तर ती उघडी भेग. बांगडीचे अंतर्गत माप सर्वसाधारणपणे ५२ ते ६० मिलिमीटरच्या दरम्यान असते. लंबगोल बांगडी दिसली तर असे का, हे विचारावे. पुष्कळदा दोष टाळून दगड वाचविण्यासाठी ती तशी कापलेली असते. त्यात गैर काही नाही, भावात ते उतरायला हवे. बांगडी महाग का, याचे उत्तरही इथेच आहे. एवढा मोठा निर्दोष गोल एका सबंध तुकड्यातून निघावा लागतो, आणि मधला गाभा लहान नगांनाच उपयोगी पडतो. १९९९ च्या नोव्हेंबरात हाँगकाँगच्या ख्रिस्टीज लिलावात एक जेडाइट बांगडी २५ लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीला गेली होती.

आता आमच्या मित्राला ज्याने मारले, त्याविषयी. बाजारात माल तीन अक्षरांनी ओळखला जातो. 'ए' म्हणजे नैसर्गिक, फार तर वरून मेण लावलेला. 'बी' म्हणजे तेजाबाने आतील डाग धुऊन काढलेला आणि पोकळ झालेल्या जागी राळ भरलेली. हा माल १९८० च्या दशकात बाजारात आला. 'सी' म्हणजे रंगविलेला. 'बी' मालाचे पाणी उत्तम दिसते, कारण राळ दाण्यांमधल्या फटी बुजवते. पण भिंगातून पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात आणि आतील दाण्यांच्या हद्दी धुकट होतात. 'सी' मालात रंग दाण्यांच्या हद्दींत आणि भेगांत साचलेला असतो.

आपल्या सोनारी तराजूचा येथे उपयोग होतो. बांगडी दोऱ्याने बांधून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलावी. ५० ग्रॅमच्या जेडाइटचे वजन पाण्यात सुमारे १५ ग्रॅमने घटते. नेफ्राइटचे १७ ग्रॅमच्या आसपास, अ‍ॅव्हेंच्युरीनचे जवळजवळ १९. एखादा गार्नेट जातीचा हिरवा दगड वजनात जेडाइटच्या जवळ येतो, तेवढे ध्यानात असावे. राळ भरलेला माल थोडा हलका भरतो, परंतु या फरकावर पैसे लावू नयेत. बांगडी दोऱ्याला टांगून दुसऱ्या जेडने हलकेच ठोकली की चांगला माल घंटेसारखा वाजतो, राळेचा बद्द. भेग असली तरी आवाज बद्दच येतो, आणि काही 'बी' बांगड्या खणखणीत वाजतात. खात्री देते ती अवरक्त किरणांची तपासणीच. मुंबई आणि जयपूर येथील प्रयोगशाळांत रत्नांची तपासणी होते, आणि महाग बांगडीच्या भावापुढे तिचा खर्च किरकोळ आहे. प्रमाणपत्रावर नुसते 'जेड' लिहिले असेल तर ते पुरेसे नाही. जेडाइट, आणि तेही प्रक्रिया न केलेले, असे शब्द हवेत.

हा माल कोठून येतो हेही ठाऊक असावे. खाणी ब्रह्मदेशाच्या उत्तरेला काचिन प्रांतात, फाकांत परिसरात आहेत. मंडाले हे त्याचे मोठे पेठेचे शहर. तेथे युनानमधून आलेल्या चिनी मुसलमानांची, ज्यांना पांथे म्हणतात, जुनी वस्ती आहे. मिंडोन राजाच्या काळात, १८६८ मध्ये, त्यांची मशीद उभी राहिली. युनानच्या खेचरांच्या तांड्यांचा व्यापार त्यांच्या हाती होता. जेडचा सौदा जुन्या काळी बाहीआड बोटे दाबून होई. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली हात धरून भाव ठरतो, अगदी तसा. मात्र या दगडामागे रक्तही आहे. २ जुलै २०२० रोजी फाकांतमध्ये खाणीच्या मातीचा ढिगारा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यातले बहुतेक टाकाऊ मातीत तुकडे शोधणारे गरीब होते. अमेरिकेने २००८ पासून २०१६ पर्यंत या जेडाइटला बंदी केली होती, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी रत्न महामंडळावर निर्बंध घातले. अमेरिकेशी देणेघेणे असलेल्यांनी कागदपत्रे आधी पाहावीत.

आमच्या मित्राने विकलेल्या तीन बांगड्यांची गिऱ्हाइके शोधून काढली आणि खरी गोष्ट सांगून पैसे देऊ केले. दोघींनी बांगड्या परत केल्या. तिसऱ्या बाई म्हणाल्या, आता हातातून निघत नाही, राहू दे. उरलेल्यांपैकी एक नग तो आजही गल्ल्यात ठेवतो आणि नवा माल आला की शेजारी ठेवून खिडकीपाशी पाहतो.