अंगणातील हिरवळ व तिची ऋतुमानाप्रमाणे निगा

हरळीची मुद्दाम लागवड करावी असे सुचविणारा लेख शेतकऱ्यांसाठी असलेल्या पत्रिकेत वाचून आमच्या अनेक शेतकरी बंधूंना नवल वाटेल. ज्यांनी काळ्या रानातील हरळी खणून काढण्यात सलग दोन-दोन उन्हाळे खर्ची घातले आहेत, त्यांना तर ही थट्टाच वाटेल. परंतु शेतात जी वैरीण, तीच घरापुढील अंगणात, शाळेच्या आवारात वा आरोग्य केंद्रापुढे उपयोगी पडते. ती धूळ दाबून धरते, पावसाळ्यात चिखल होऊ देत नाही व आवाराचा उष्मा कमी करते. मात्र तिला कोठे स्थान द्यावे व तिच्यावर किती पाणी खर्चावे, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

अंबाजोगाई परिसर बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. माथ्यावरची जमीन हलकी व मुरमाड, तर सखल भागातील काळी व भारी आहे. मराठवाड्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. सन २०१६ मध्ये धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे येथील कोणीही विसरलेला नाही. अशा मुलखात हिरवळीचा विचार पाण्याच्या हिशेबापासूनच सुरू केला पाहिजे.

तो हिशेब असा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे एक लिटर पाणी देणे होय. वैशाखात हिरवळ हिरवीगार ठेवावयाची झाल्यास तिला दररोज निदान पाच मिलिमीटर पाणी लागेल. दहा फूट रुंद व वीस फूट लांब तुकडा सुमारे साडेअठरा चौरस मीटरचा भरतो. म्हणजे त्यास रोज ९३ लिटर, सुमारे सहा घागरी पाणी हवे. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. तेव्हा एवढासा तुकडा जवळजवळ दोन माणसांचे पाणी पिऊन टाकील. यास्तव आमचे स्पष्ट मत असे की, घरगुती हिरवळ दोनशे चौरस फुटांहून मोठी करू नये आणि उन्हाळ्यात ती हिरवी राखण्याचा हट्ट धरू नये.

हरळीस याने अपाय होत नाही. जमिनीतील तिच्या गाठाळ खोडांत अन्नसाठा असतो. ओल सरली की वरची पाती वाळतात, परंतु खालचे खोड जिवंत राहते व मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा दहा-बारा घागरी पाणी दिले तरी मुळे तग धरतात. हे पाणीही आंघोळीचे वा भाजी-धान्य धुतलेले असावे व ते वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून घ्यावे. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र वर्ज्य करावे. त्यातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होते व तिच्यात पाणी मुरेनासे होते.

नवीन लागवडीसाठी दिवसभर ऊन मिळणारी जागा निवडावी. लिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत हरळी टिकत नाही. मे महिन्यात जमीन फूटभर खणून उन्हात तापू द्यावी आणि लव्हाळ्याच्या गाठी एक-एक करून वेचून काढाव्यात. या कामी आळस केल्यास पुढे कोणताही उपाय चालत नाही. चार घमेली पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धकच्च्या खतातून तणाचे बी व हुमणीच्या अळ्या येतात. भारी जमीन असल्यास वाळू मिसळून जागेस किंचित उतार द्यावा. मृगात चांगली ओल झाल्यावर हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे तीन-चार बोटांच्या अंतराने लावून पायाने दाबावेत.

पावसाळ्यात वाढ जोमाची असल्याने दर आठ-दहा दिवसांनी कापणी करावी. विळ्याने कापले तरी चालते. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक कापू नये. मुळापर्यंत खरडल्यास लव्हाळ्यास वाव मिळतो. कापलेले गवत शेळीस वा वासरास घालावे. श्रावणात उघडीप पाहून २०० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून शिंपडावा व लगेच साधे पाणी द्यावे, नाही तर पाती करपतात. गाजरगवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच उपटावे.

हुमणीविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघून लिंब, बाभूळ व बोर यांच्या पाल्यावर बसतात. तेव्हा फांद्या हालवून ते खाली पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. हा उपाय सर्व वस्तीने मिळून केल्यास उसासारख्या पिकाचेही रक्षण होते.

थंडीत हरळी पिवळसर पडते. ही रोगाची खूण नव्हे. रात्रीच्या गारव्याने वाढ थांबते, म्हणून त्या दिवसांत खत देऊ नये आणि गवत दोन-अडीच इंच उंच राहू द्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. हिरवळीभोवती फूटभर खोल चर खणून त्यात शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडावेत व बाहेर आलेले धुमारे दर पंधरवड्यास छाटावेत. पेरे असलेले तुकडे उकिरड्यात टाकू नयेत. ते खताबरोबर शेतात जाऊन रुजतात. ते कडक उन्हात वाळवून जाळावेत. ज्यांचे घर शेतातच आहे, त्यांनी हिरवळीच्या नादी लागूच नये. अंगणात चार झेंडूची रोपे लावावीत, ती अधिक शोभतील. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही प्रात्यक्षिकासाठी शाळेचे किंवा पंचायतीचे कुंपण घातलेले आवार निवडावे व शेजारी पिकाचे रान नाही याची आधी खात्री करून घ्यावी.