हूबरचा हूव्हर कसा झाला?

व्हिजिटिंग कार्डावर माझ्या आडनावात एक 'ए' जास्त पडला, तेव्हा मी जाम वैतागले होते. पण आंद्रेयास हूबरपुढे माझं दुःख म्हणजे किस झाड की पत्ती! हा जर्मन माणूस १७३८ साली पेनसिल्व्हेनियात आला. हूबर म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढ्या जमिनीचा शेतकरी. पण तिथले इंग्रजी कारकून जर्मन नावं कानावर पडतील तशी लिहायचे. (एलिस आयलंडला उगाच बोल लावू नका, ते केंद्र उघडलं १८९२ साली!) कुणी 'ब' ठेवला, कुणी त्याचा 'व्ह' केला. आंद्रेयासचे वंशज हर्बर्ट हूव्हर १९२९मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले, पण आडनावातली शेती गेली ती गेलीच. पूर्वज शोधणाऱ्यांची गोची होते ती इथेच. एकाच स्पेलिंगला चिकटून बसलात, तर खापरपणजोबा हातचे गेलेच म्हणून समजा. जुन्या याद्या चाळताना नाव आधी मोठ्याने म्हणून बघायचं, तेही जर्मन उच्चारात.