टर्मिनल उघडत नाही? फॉरमॅट मारू नका

‘काल अपडेट केलं आणि कंट्रोल-ऑल्ट-टी गेलं.’ उबंटू वापरणाऱ्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्यही आता पाठ झालंय: ‘अपडेटनं शॉर्टकट करप्ट केला, आता फॉरमॅटच मारावं लागणार.’ इंजिनिअरिंगच्या लॅबपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे हाच सल्ला फिरतो. मग सबमिशनच्या आदल्या रात्री पेनड्राइव्ह शोधला जातो, मशीन पुसलं जातं आणि घटकाभराच्या कामासाठी अख्खा दिवस घालवला जातो. खापर अर्थातच अपडेटवर.

शॉर्टकट ही ‘करप्ट’ होण्याजोगी वस्तूच नाही. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये एक साधी नोंद असते: ही बटणं एकत्र दाबली तर अमुक प्रोग्रॅम सुरू कर. बटण दाबल्याचं आधी कर्नलला कळतं, कर्नल ते डेस्कटॉपला कळवतो, डेस्कटॉप नोंद बघून टर्मिनलला हाक मारतो. हाक ऐकून टर्मिनल उठलंच नाही, तर डेस्कटॉप तुम्हाला चकार शब्द सांगत नाही. बेल वाजवूनही दार उघडलं नाही, तर घरात कुणी आहे का हे आपण आधी बघतो. इथे मात्र जो तो बेल खोलायला बसतो.

म्हणून पहिली तपासणी माउसनं. ॲप्लिकेशनच्या यादीत जाऊन टर्मिनलच्या चिन्हावर क्लिक करा. उघडलं, तर दोष शॉर्टकटच्या नोंदीत किंवा बटणांच्या वाटेत आहे. क्षणभर गोल फिरून काहीच आलं नाही, तर शॉर्टकट ठणठणीत आहे, आजारी टर्मिनल आहे. एवढं एक क्लिक केलं का, असं विचारलं की समोरून हमखास शांतता. कीबोर्ड बदलून बघितलेला असतो, क्लिक केलेलं नसतं!

टर्मिनलच उघडत नसताना त्याचा आजार बघायचा कसा? एक्सटर्म हे दुसरं टर्मिनल मशीनवर असेल तर ते उघडा, नाहीतर व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल चालतं. तिथे ग्नोम-टर्मिनल ही कमांड हातानं द्या. आतापर्यंत गिळली जात असलेली एरर तिथे सरळ छापून येते. अनेकांच्या मशीनवर शेवटची ओळ एकाच छापाची निघते: इम्पोर्ट एरर, ‘जीआय’ सापडत नाही. ही ओळ नीट वाचा. ही टर्मिनलची एररच नाही, पायथनची आहे.

टर्मिनलचा पायथनशी काय संबंध? उबंटूच्या २०.०४, २२.०४ यांसारख्या आवृत्त्यांत ग्नोम-टर्मिनल नावानं जी फाइल चालते ती खुद्द टर्मिनल नसून पायथनमधली एक छोटी स्क्रिप्ट असते. विश्वास बसत नसेल तर कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत पायथन-थ्रीचा पत्ता दिसेल. खरं टर्मिनल ‘रिअल’ असं शेपूट लावून शेजारच्या फाइलमध्ये असतं. ही स्क्रिप्ट ‘जीआय’ मॉड्यूल मागते आणि त्या मॉड्यूलचा एक भाग सिस्टिमच्या ठरावीक पायथनसाठी कंपाइल केलेला असतो. २०.०४मध्ये तो पायथन ३.८ आहे, २२.०४मध्ये ३.१०, २४.०४मध्ये ३.१२. दुसऱ्या आवृत्तीच्या पायथनला तो भाग उचलताच येत नाही.

आता गुन्हेगार शोधू. प्रोजेक्टसाठी नवा पायथन हवा होता. कुठल्याशा व्हिडिओत बघून तो टाकला आणि ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ची कमांड चिकटवून पायथन-थ्री हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवलं. टर्मिनलची जी खिडकी उघडी होती ती चालूच राहिली, कारण ती स्क्रिप्ट ओलांडून कधीच पुढे गेली होती. बरेच जण ती एकच खिडकी दिवसेंदिवस उघडी ठेवतात. मग एके दिवशी अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट झालं, कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं आणि काहीच झालं नाही. मोडतोड आधीच झाली होती आणि ती तुमच्या हातून झाली होती. रीस्टार्टनं फक्त ती उघडकीला आणली.

हा पायथनचा घोळ उबंटूलाही ठाऊक आहे. नव्या आवृत्तीवर नेणारा अपग्रेडर सुरुवातीलाच पायथन-थ्री या नावाची लिंक तपासतो आणि ती वळवलेली दिसली, तर पायथन-थ्रीचं इन्स्टॉलेशन बिघडलंय, आधी लिंक नीट करा, असं सांगून काम थांबवतो. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं?

उपाय सरळ आहे. पायथन-थ्री हे नाव तुमच्या उबंटूच्या मूळ आवृत्तीकडे परत वळवा, २२.०४ असेल तर ३.१०कडे. टर्मिनल लगेच उघडतं, रीस्टार्टही लागत नाही. टर्मिनल काढून पुन्हा टाकल्यानं काही होत नाही, कारण पुन्हा तीच स्क्रिप्ट येते आणि त्याच चुकीच्या पायथनला जाऊन धडकते. नवा पायथन खुशाल ठेवा, पण त्याला पूर्ण नावानं बोलवा, पायथन-३.११ असं, किंवा प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नाही.

एररमध्ये पायथनऐवजी लोकॅलचं नाव आलं किंवा ‘स्टेटस ८’ असं दिसलं, तर भाषेची मांडणी यूटीएफ-८ नाही किंवा तयारच झालेली नाही असं समजा. हे ग्नोम टर्मिनलच्या स्वतःच्या एफएक्यूमध्येच लिहिलेलं आहे. सेटिंग्जमध्ये भाषा आणि प्रदेश पुन्हा निवडा आणि लॉग आउट करून परत या.

अपडेटमुळे शॉर्टकट खरोखर बंद पडतात अशाही जागा आहेत, त्याबद्दल अपडेटची वकिली करणार नाही. सगळ्यात मोठी जागा वेलँडची, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेची. आधीची एक्स-११ ही १९८७ची व्यवस्था. तिच्यात कुठलाही प्रोग्रॅम तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण ऐकू शकतो. त्यामुळे शॉर्टकट बांधणारी एक्सबाइंडकीज, ऑटोकी असली साधनं मजेत चालत, आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही तितक्याच मजेत चाले. वेलँडमध्ये एका खिडकीतलं टायपिंग दुसऱ्या प्रोग्रॅमला ऐकू जात नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. उबंटूनं २१.०४पासून बहुतेक मशीनवर वेलँड डीफॉल्ट केलं आणि २५.१०मध्ये ग्नोमचं एक्स-११ सेशन काढूनच टाकलं. तेव्हा असल्या साधनांनी बांधलेले शॉर्टकट गेले ते गेले. ते डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये कस्टम शॉर्टकट म्हणून नव्यानं बांधा.

त्याच २५.१०पासून उबंटूचं डीफॉल्ट टर्मिनलही बदललं. ग्नोम टर्मिनलच्या जागी टिक्सिस आलं. तुम्ही स्वतः बांधलेल्या शॉर्टकटमध्ये ग्नोम-टर्मिनल हे नाव असेल आणि तो प्रोग्रॅम मशीनवर नसेल, तर बटण दाबून काहीही होणार नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक भानगड येते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण टायपिंगसाठी आयबस हा इनपुट प्रोग्रॅम वापरतात. टर्मिनेटर नावाच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ई दाबलं की खिडकी उभी दुभंगते. आयबसच्या काही आवृत्त्यांनी नेमकी हीच बटणं इमोजी शोधण्यासाठी घेतली. त्यामुळे अपडेटनंतर खिडकी दुभंगेना, उलट कर्सरजवळ अधोरेखित ‘ई’ उमटायला लागला. असा अधोरेखित ‘ई’ दिसला की टर्मिनेटरला दोष देऊ नका. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये इमोजीचा टॅब उघडा आणि तो शॉर्टकट पुसा. नंतर आयबसनं आपली बटणं बदलली, पण तिथेही एका आवृत्तीत कंट्रोल आणि टिंब ही जोडी घेऊन त्यांनी व्हीएस कोडवाल्यांचा रोष ओढवून घेतलाच.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डचंही असंच. मराठी लेआउट चालू असताना ‘सी’च्या बटणावर ‘म’ असतो, मग कंट्रोल-सीचं कंट्रोल-म होतं. काही प्रोग्रॅम यादीतला इंग्रजी लेआउट बघून अर्थ लावतात, काहींना ते जमत नाही. इनपुटच्या यादीतून इंग्रजी काढून टाकलं असेल तर परत घाला, आणि शॉर्टकट अडला की वरच्या पट्टीत कुठली भाषा दिसतेय तिकडे आधी नजर टाका.

उरलेले गैरसमज थोडक्यात उरकतो.

‘कंट्रोल-ऑल्ट-टी हा लिनक्सचा शॉर्टकट आहे.’ नाही, तो उबंटूनं ठेवलेला आहे. फेडोराच्या ग्नोममध्ये तो बरीच वर्षं आपला आपण बांधावा लागत असे.

‘जुना कर्नल निवडून बूट केलं की शॉर्टकट परत येतो.’ बाकी सगळी बटणं उमटत असतील तर कर्नल त्याचं काम करतोय. टर्मिनलचं नाव त्याच्या गावीही नसतं.

‘डीकॉन्फ रीसेट मारला की सगळं सुटतं.’ सरसकट मारला तर शॉर्टकटबरोबर तुमची थीम, डॉक, कीबोर्ड लेआउट, बाकी प्रोग्रॅमच्या आवडीनिवडी, सगळं सुटतं. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये त्या एका शॉर्टकटपुरतं रीसेटचं बटण असतं, ते वापरा.

‘कंट्रोल-एस दाबलं आणि टर्मिनल हँग झालं.’ हँग नाही, थांबलंय. टेलिप्रिंटरच्या काळापासून तो ‘थांब’चा इशारा आहे. कंट्रोल-क्यू दाबा.

‘अपडेटनंतर कंट्रोल-सीनं कॉपी होत नाही.’ डीफॉल्ट सेटिंगमध्ये ते टर्मिनलात आधीही कॉपी करत नव्हतं. चालू प्रोग्रॅम थांबवणं हे त्याचं काम. कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी.

एवढं करूनही अडलंच, तर मदत जरूर मागा. पण मागताना उबंटूची आवृत्ती, सेशन वेलँडचं की एक्स-११चं, चिन्हावर क्लिक केल्यावर काय झालं आणि एररची शेवटची ओळ, हे चार तपशील द्या. नुसतं ‘शॉर्टकट चालत नाही’ लिहिलंत, तर उत्तरही ‘फॉरमॅट मार’ एवढंच येणार.