काळी म्हणजे कडकनाथ नव्हे!

मैत्रिणींनो, परसात चार कोंबड्या पाळायचं मनात आहे ना? मग आधी माझी फजिती ऐका. गेल्या दिवाळीत आठवडी बाजारातून ‘कडकनाथ’ म्हणून दुप्पट पैसे मोजून मी दोन काळ्याभोर तलंगा आणल्या. पैसे माझ्या शाळेच्या मानधनातले, त्यामुळे यजमानांना किंमत सांगितली नव्हती! सासूबाईंनी एकीला उचललं, फुंकर मारून पंखाखालची पिसं बाजूला केली. आत कातडी गोरीपान! तुरा लालबुंद, पाय पिवळे.

“अगं, ही तर आपली गावरान!”

मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धारकडच्या अस्सल कडकनाथाची कातडी, जीभ, पाय, इतकंच काय, मांसदेखील काळसर असतं. अंडं मात्र फिकट तपकिरी. ‘काळी अंडी’ विकणारा भेटला, तर खुशाल पुढं चला.

पांढरीशुभ्र, मोठा तुरा एका बाजूला कललेला, कानाची पाळी पांढरी, ती लेगहॉर्न. अंडी पांढरी नि भरपूर, पण खुडूक बसायचं नाव नाही. विटकरी रंग, पिवळे पाय, तपकिरी अंडी, ती ऱ्होड आयलंड रेड. गिरिराज, वनराज दिसायला गावरानसारख्याच रंगीत, पण अंगानं थोराड; त्याही सहसा अंड्यांवर बसत नाहीत. अस्सल कडकनाथही त्यात आळशीच!

माघात माझी एक ‘कडकनाथ’ खुडूक झाली. शेजारणीकडची नऊ अंडी तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं! यजमान कौतुकानं डालग्याशी बसतात. किंमत अजून सांगितलेली नाही.